यशूताईची खरेदी

माझ्या नावापुढं आज बी.एस्सी. लिहिलं जातं ते यशूताईमुळं. यशोधरा, माझ्या मावशीची थोरली मुलगी. आईवडिलांनंतर कुणाचे उपकार मानायचे झाले तर मी तिचंच नाव घेईन, आणि हे मी कुठल्याही कार्यक्रमात उभं राहून सांगायला तयार आहे. पण तेवढंच सांगितलं तर ते अर्धवट होईल. जितकी वर्षं मी तिच्या घरात राहिलो, तितकी वर्षं मी तिच्यावर जळत होतो. हेही त्यातच लिहायला हवं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं. वडील, म्हणजे आबा, ग्रामपंचायतीच्या पंपावर कामाला. सकाळ-संध्याकाळ गावाला पाणी सोडायचं, व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी बारावी झालो आणि कॉलेजसाठी शहरात मावशीकडं राहायला आलो. उस्मानपुऱ्यात त्यांच्या दोन खोल्या. मावशी, काका, यशूताई आणि आता मी. काका एका कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई होते. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, एका खासगी दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात नोकरीला.

घरात एक लोखंडी कपाट होतं आणि ते पूर्ण तिचं होतं. मावशीच्या साड्या पेटीत, काकांचे कपडे खुंटीला, माझे दोरीवर. कपाट उघडलं की कोऱ्या कापडाचा वास खोलीभर व्हायचा. ताई दिसायला चारचौघींसारखीच होती. कपडेही फार महागातले नसायचे. पण तिला कापड कळायचं. कुठला रंग आपल्या सावळ्या हाताशी बसतो, बाही कुठं थांबली पाहिजे, ओढणी एका खांद्यावर घ्यायची की दोन्ही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती गल्लीतून चालत गेली की इस्त्रीवालासुद्धा हातातली इस्त्री उचलून धरायचा आणि बघायचा.

मला पहिल्याच महिन्यात कळलं की या घरात खरेदीची एक पद्धत आहे. संध्याकाळी ताई पिशवी घेऊन यायची. पिशवी ओढणीखाली लपवायची नाही, की जिन्यातून पुढं-मागं बघत यायची नाही. दारात उभी राहून, चपला काढायच्या आधी, ती किंमत सांगायची.

"एक ड्रेस, एक ओढणी. बाराशे अन् अडीचशे. शिव्या जेवणाआधी देणार का जेवून झाल्यावर?"

"आधी इकडं दे, बघू तरी," मावशी म्हणायची.

काका पेपर खाली ठेवायचे. "बाराशे! अगं, बाराशेत माझं लग्न झालं."

"तरीच मम्मी तुमच्याकडं अशी बघती."

"हसू नको. पगार हातात आला का दुकानाकडं पळायचं. उद्याला काय?"

"उद्याला हाच घालून जाणारय, पप्पा."

मग काका पाच-दहा मिनिटं बोलायचे. पोरीच्या जातीनं हात आखडता ठेवावा, आम्ही एका सदऱ्यावर वर्ष काढलं, आमच्या बापानं तर दुसऱ्याची उतरलेली घातली. ताई ऐकायची. मान खाली घालून नाही, चांगलं तोंडाकडं बघून ऐकायची, मध्येच "व्हय, खरंय" म्हणायची. बोलून काका थकले की मावशी ड्रेस दिव्याखाली धरून म्हणायची, "शिलाई मात्र चांगली हाय." आणि ताटं वाढली जायची.

या भाषणात शेवटी माझा नंबर लागायचा. काका माझ्याकडं बोट करायचे. "त्या नित्याला बघ. दोन शर्टावर कॉलेज चाललंय पोराचं. काय अडलं का त्याचं?"

"कुठं अडलंय? एक अंगात, एक दोरीवर. पाऊस लागला का घरातच बसतंय बिचारं."

मी पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचो. काकांनी माझं नाव घेतलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. गावात पहिला नंबर आल्यावर जसं वाटायचं तसं. पण साधेपणा हा काही माझा गुण नव्हता. माझ्याकडं दोनच शर्ट होते, म्हणून मी साधा होतो. दुपारी घरात कुणी नसलं की मी ते कपाट उघडायचो आणि नुसता उभा राहायचो. कधी एखाद्या बाहीला हात लावायचो. मुलींचे कपडे मला घालायचे थोडेच होते. पण एखाद्या माणसाला आवडलेली वस्तू आवडली म्हणून घेता येते, आणि घेतल्यावर त्याला घरात तोंड लपवावं लागत नाही, ही गोष्ट त्या कपाटात टांगलेली होती. मला तिचा राग यायचा तो त्यासाठी. आमच्या घरी एक शब्द कुणी बोललं की आठ दिवस चूल गप असायची. इथं रोज बोलणी व्हायची, आणि जेवून झाल्यावर कुणालाच त्यातलं काही आठवायचं नाही.

एकदा मी तिला विचारलं, "ताई, सरळ सांगत का नाहीस? माझ्या पगाराचं हाय म्हणावं."

ती कपड्यांना इस्त्री करत होती. "तसं बोलले का पप्पा गप बसतील."

"मग बरंच की."

"मला गप बसलेले पप्पा नकोत. बोलू दे त्यांना."

मला हे तेव्हा पटलं नाही. वाटलं, पगार घेणाऱ्याला असली वाक्यं परवडतात.

नावं ठेवणाऱ्यांत सगळ्यात तिखट होती ती काकांची बहीण, वेरूळची आत्या. लेणी बघायला येणाऱ्या लोकांना ती काकड्या आणि पेरू कापून, मीठ-तिखट लावून विकायची, आणि बोलतानाही तिच्या जिभेवर तेच मीठ-तिखट असायचं. "दुकानदाराला पगार पोचता करायला नोकरी धरलीस का गं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. या आत्याचा आणि ताईचा जो प्रसंग झाला, तो आमच्या नात्यात अजून सांगतात.

आमच्याकडं आहेरात आलेली साडी सहसा कुणी नेसत नाही. ती पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला आहेर म्हणून जाते. तिथून तिसऱ्याला. एकेक साडी घडी न मोडता पाच-सहा घरं फिरते. फक्त जिनं दिली तिलाच परत जाऊ नये, म्हणून बायका साडीला नावाची चिठ्ठी टाचणीनं लावून ठेवतात. मावशीची पेटी अशा चिठ्ठ्यांनी भरलेली होती. त्यातल्या एका जांभळ्या साडीची चिठ्ठी कधीतरी पडून गेली. ताईच्या ती नजरेत भरली. तिनं ती शिंप्याकडं नेली आणि तिचा कुर्ता शिवून घेतला. आहेराच्या साडीला कात्री लावणं म्हणजे काय, हे कळायला आमच्यातच जन्माला यावं लागतं. मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं, कुणाची व्हती ते तरी बघायचं!"

कुणाची होती ते महिन्याभरात कळलं. आत्याच्या नातवाचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता, आम्ही सगळे वेरूळला गेलो, आणि ताई तोच कुर्ता घालून आली. बुद्धवंदना झाली, मुलाचं नाव ठेवून झालं, खीर वाटली गेली. ताईला वाटी देता देता आत्याचा हात थांबला. तिनं ताईची बाही चिमटीत धरली.

"ही साडी मी दिल्ती. तुमच्या घरभरणीला."

मांडवात बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मावशीनं तर पदर तोंडाला लावला. मी पुढं सरकून बसलो. आता ही काय बोलणार ते मला ऐकायचं होतं. खरं म्हणजे, आता हिला काही बोलता येऊ नये असं मला वाटत होतं.

ताई म्हणाली, "आत्या, पेटीत राहिली असती तर आतापोतर चार घरं फिरली असती. तुलाच परत आली असती एखाद्या दिवशी. माझ्या अंगावर येऊन थांबली. आता तूच सांग, चुकलं का माझं?"

आत्यानं बाही सोडली नाही. उलटून शिवण बघितली, आतला टाका बघितला. "थांबली खरी," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझी दिलेली साडी कुणाच्या अंगावर म्या पहिल्यांदाच बघितली." आणि लगेच आवाज चढवून, "पण हा गळा कसला गं? उघड्या मडक्यावानी! कुण्या मेल्यानं शिवला?"

"माझा डोळाच चुकतो आत्या. पुढचा तू घेऊन दे. चल माझ्यासंगं."

आणि ताईनं तिला खरंच नेलं. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात आत्या दोन तास बसली. दुकानातले अर्धे तागे उतरवून झाल्यावर तिनं एक पोपटी कापड पसंत केलं, त्याच्यावर मोहरीच्या रंगाची ओढणी. इतकी भडक जोडी मी आजवर दुसरी पाहिलेली नाही. ताईनं ते शिवून घेतलं आणि दर सोमवारी घालून दवाखान्यात गेली. आत्या त्यानंतर ज्याला त्याला सांगायची, "पोरीला कापडातलं कळत नव्हतं, मी शिकवलं." तिनं ताईला पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत.

नंतर माझ्या ध्यानात आलं की ही तिची रीतच होती. जो नावं ठेवील त्याला पुढच्या खरेदीला न्यायचं. मावशीनं ओढण्या निवडल्या होत्या, काकांनी एकदा बटणं निवडली होती. तिच्या कपाटातला एकही कपडा असा नव्हता ज्याच्यावर घरातल्या कुणाचा तरी हात फिरलेला नव्हता. तेव्हा मला ही लबाडी वाटली, आणि ती आपल्याला जमत नाही याचं दुःख वाटलं.

जमत नाही हे सिद्ध व्हायला फार दिवस लागले नाहीत. दुसऱ्या वर्षाला शिष्यवृत्ती खात्यावर आली आणि मी एक जॅकेट घेतलं. निळ्या जाड जीनचं, चौदाशेचं. आईला फोनवर पाचशे सांगितले. गावातल्याच एका पोरानं, जो माझ्याबरोबर दुकानात होता, आबांना खरा आकडा सांगितला. आबांचा फोन आला. ते काही फार बोलले नव्हते. "चौदाशेचं जॅकेट कशाला लागतं रं कॉलेजात?" एवढंच. पण मी, ताईनं जे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, नेमकं तेच बोललो. "शिष्यवृत्ती माझ्या नावावर आली. तुमच्या नाय."

आबांनी फोन ठेवला. दोन महिने त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग आईकरवी निरोप आला की शिक्षण पुरे, पंचायतीच्या दुसऱ्या पंपावर माणूस हवा आहे, जूनमध्ये गावी ये. आमच्याकडं आबांचा निरोप म्हणजे निकाल. मी मावशीला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा ताईनं मला गच्चीवर नेऊन सगळं काढून घेतलं. "जॅकेट धुतलंय का?" एवढंच विचारलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं गंगापूरच्या जीपमध्ये बसलो.

जानेवारी होता, कडाक्याची थंडी. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी ताईला "ये गं" म्हटलं, माझ्याकडं बघितलं नाही. ताईनं चहाची वाट बघितली नाही.

"आबा, जॅकेट चौदाशेचं हाय. ह्यानं पाचशे सांगितले ते खोटं. महाग घेतलं म्हणून एक मारा अन् खोटं बोलला म्हणून दोन मारा. पण आधी घालून बघा. अंगात घातल्याबिगर शिव्या कशा देणार?"

"मी काय पोराचं घालू?"

"थंडी वाजायली म्हणून घाला."

ताईनं जॅकेट त्यांच्या खांद्यावर टाकलं. पाण्याची वेळ झाली होती. आबा पुटपुटत उठले, हात बाह्यांत घातले आणि तसेच व्हॉल्व्ह उघडायला गेले. नेहमी अर्ध्या तासात येणारा माणूस दीड तासानं आला. वेशीपासून देवळापर्यंत सगळ्या गावानं त्यांना त्या जॅकेटात बघितलं असणार. परत आल्यावर ते ताईसमोर उभे राहिले.

"खिसे लई हायेत. पान्हासुदिक बसतोय."

"मग आबा, जूनमध्ये ह्याला कशाला बोलावता? पंपावर जॅकेटवाला एकच बरा दिसतो."

आबा हसले. मी त्यांना दोन महिन्यांनी हसताना बघितलं, आणि ते माझ्याकडं बघून हसत नव्हते. "जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "शिकू दे. हे मात्र राहू दे हितंच."

परतीच्या जीपमध्ये मी नुसत्या शर्टावर कुडकुडत बसलो होतो. ताईनं तिची शाल दिली ती मी घेतली नाही. माझं शिक्षण त्या दिवशी वाचलं, हे मला कळत होतं. पण त्या दिवसापासून आबांचा फोन आला की माझ्याशी दोन वाक्यं झाली न झाली तोच म्हणायचे, "यशूला दे." मग ती दोघं हसत बसायची. मला जे वीस वर्षांत मिळवता आलं नाही, ते तिनं एका दिवसात नेलं, असं मला वाटायचं. उपकार करणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

आता मला पुढचं सांगायचं आहे.

माझ्या शेवटच्या वर्षी ताईसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. माझे मामा, आई आणि मावशी दोघींचे थोरले भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नात्यात त्यांचा शब्द चालायचा. एका दुपारी ते आले. ताई कामावर होती. मामा काकांना म्हणाले, "पाहुणे विचारतात, पोरीचा हात सैल हाय का? काय सांगू? तिचं पगाराचं कार्ड लग्नापोतर तुम्ही तुमच्याकडं ठेवा."

काका म्हणाले, "ती सांगून घेती. एक रुमाल घेतला तरी दारात सांगती. जोपर्यंत सांगती तोपर्यंत मी कार्ड मागणार नाय."

रोज तिला बोलणाऱ्या काकांनी तिची ही बाजू घेतलेली मी पहिल्यांदा ऐकली. माझे वडील माझ्याबद्दल असं कधी कुणाशी बोलले असतील का, हा पहिला विचार माझ्या मनात आला.

मामा माझ्याकडं वळले. "तू घरात असतोस. लपवून काही घेती का? तुझं नाव निघणार नाय."

मला एक गोष्ट माहीत होती. पंधरा दिवसांपूर्वी मी ताईचा विसरलेला डबा द्यायला दवाखान्यात गेलो होतो. तिथं तिचा आणि नसीमाचा मिळून एक लॉकर होता. नसीमा ताईची मैत्रीण, दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या, एकाच डब्यात जेवायच्या. लॉकर उघडा होता आणि आत एक गडद मरून कुर्ता टांगलेला होता, गळ्याशी बारीक रेशमी काम. मी बघतोय हे ताईच्या लक्षात आलं.

"हा मी घरी नाय आणणार," ती म्हणाली. "इथंच घालते, पांढऱ्या कोटाच्या आत. ह्याच्यावर मला कुणाचंच मत नकोय नित्या. एवढा एकच."

"मेरे कू भी नहीं पूछी," नसीमा म्हणाली. "मैं बोलने गई तो मुंह पे हाथ रखी."

दोघी खूप हसल्या. इतकी वर्षं प्रत्येक कपडा घरच्यांच्या हातातून काढणाऱ्या मुलीला एक कपडा फक्त स्वतःचा हवा होता. हे मला तेव्हाही समजलं होतं. न समजून मी काही केलं नाही.

मामांनी विचारलं आणि मी सांगितलं. "दवाखान्यातल्या लॉकरमध्ये एक ड्रेस हाय. घरी आणत नाय."

काकांनी माझ्याकडं बघितलं आणि पेपर उचलला.

संध्याकाळी ताई आली. चपला अजून पायात होत्या. मामांनी विचारलं, "दवाखान्यात काय लपवून ठेवलंस?" ती दारातच थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, कारण या क्षणाची मी तीन वर्षं वाट बघितली होती. तिला उत्तर सापडत नव्हतं. तिनं एकदा मामांकडं, एकदा काकांकडं बघितलं. माझ्याकडं तिची नजर आलीच नाही. मी असेन असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

"यशू, कितीचा—" काका म्हणाले.

"नाय सांगत, पप्पा."

तिनं पर्समधून कार्ड काढलं, काकांच्या हातावर ठेवलं आणि आत गेली. काका एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री नाहीत आणि पुढं बरेच दिवस नाहीत.

कार्ड काकांच्या पाकिटात गेलं, पण फोन ताईकडंच होता. फोनवरून तिला काहीही घेता आलं असतं. मामांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि काकांना सुचलं नव्हतं. मला सुचलं होतं, मी लक्ष ठेवून होतो. चार महिन्यांत तिनं एक साधी पिनसुद्धा घेतली नाही. वेरूळहून आत्या आली तेव्हा तिनं ताईच्या कपाळाला हात लावून बघितला. "आजारी हायेस का गं पोरी? तेच तेच कपडे घालायलीस." पाचव्या महिन्यात काकांनी कार्ड गुपचूप कपाटात, तिच्या कपड्यांवर ठेवून दिलं. ते तिथंच आठवडाभर पडून होतं.

लॉकरची गोष्ट बाहेर दोघांनाच ठाऊक होती. त्यातला मी घरचा, म्हणून ताईचा संशय नसीमावर गेला. ताईनं नसीमाबरोबर जेवणं सोडलं, कामाची पाळी बदलून घेतली. नसीमा एकदा घरी आली. आतल्या खोलीतून मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. "मैंने किसी को नहीं बोला यशू. कसम से." ताईनं तिला पाणी दिलं. त्या घरात आलेल्या माणसाला चहा न विचारता पाठवलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. माझ्या आणि दारात उभ्या असलेल्या त्या मुलीच्या मध्ये एक पडदा होता. तो बाजूला सारायला मला एक पाऊल टाकावं लागलं असतं.

मी पास झालो. वाळूजला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी लागली. निकाल लागला त्या दिवशी ताईनं गल्लीत पेढे वाटले, आणि आबांना तिनंच आधी फोन केला.

गेल्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं, नागपूरच्या एका शिक्षकाशी. आमच्या रीतीप्रमाणं पांढरी साडी. पांढऱ्याला कुणी काय नावं ठेवणार, असं मला वाटलं होतं, पण आत्या तिथंही म्हणालीच, "काठ बारीक हायेत." ताई हार हातात धरून म्हणाली, "आत्या, काठ तूच निवडलेस." सगळे हसले. आबा, नवा सदरा घालून आलेले, सगळ्यात मोठ्यानं. पांढऱ्या साडीत ती इतकी चांगली दिसत होती की मी पुन्हा तिच्यावर जळलो, पूर्वीसारखाच. मग वंदना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे नव्हते. ताईचेही नव्हते. ती हॉलच्या दाराकडं बघत होती. नसीमाची पत्रिका तिनं मलाच टाकायला दिली होती, पत्ता स्वतःच्या हातानं लिहून. वंदना संपेपर्यंत तिनं तीनदा दाराकडं बघितलं, आणि फुलं पडायला लागली तेव्हा मान खाली घातली.

ते बघितल्यावर मला दुसरं काही करता येईना. फोनवर लिहिलं असतं तर तिनं अर्धं वाचून हसरा चेहरा पाठवला असता. म्हणून कागद घेतला. पाठवलेलं पत्र असं:

ती. यशूताईस,

सविनय जयभीम.

हे पत्र घाईत वाचू नकोस. स्वयंपाक, दाजींची शाळा, तुझा तिथला दवाखाना सगळं आवरून वाच.

लॉकरमधल्या कुर्त्याचं मामांना मी सांगितलं. नसीमानं नाही. माझं नाव निघणार नाही असं मामा म्हणाले होते, म्हणजे बोलायच्या आधी मला विचार करायला वेळ मिळाला होता. तरी मी सांगितलं. काकांनी त्या दिवशी तुझी बाजू घेतली होती, हेही तुला ठाऊक नसणार. ते म्हणाले होते, ती सांगून घेते, मी कार्ड मागणार नाही. मी सांगितलं नसतं तर ते तसेच राहिले असते.

कारण विचारशील. तुला सगळे बोलायचे आणि तुला लागायचं नाही. मला वाटायचं, एकदा तरी लागावं. ते लागलं. मी समोर उभा राहून बघितलं.

नसीमा दारात आली होती तेव्हा मी आतच होतो. ऐकत होतो.

रविवारी मी दवाखान्यात जाऊन तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेरे कू क्या बता रहा? जिसका घर बिगाड़ा उसको बता." पत्रिका मिळाली होती, म्हणाली. यायला निघाली होती, रिक्षातून परत फिरली. तिचा नंबर तोच आहे. मी विचारून घेतला.

पुढच्या रविवारी गावी जाऊन आबांना सांगणार आहे. ते तुझ्या बाजूनं बोलतील हे मला आत्ताच दिसतंय, आणि तुला खरं सांगतो, त्याचंही मला वाईट वाटतंय. हा माझा स्वभाव एका पत्रानं जाणार नाही. पण माझ्या स्वभावापायी तुझी मैत्रीण गेली, ती तरी परत यावी.

मी शिकलो ते तुझ्यामुळं. हे मी सगळ्यांना सांगतो. आता दुसरंही सांगेन.

आधी नसीमाला फोन कर. माझ्याशी नंतर बोल, किंवा बोलू नकोस.

तुझा,
नितीन